वहिनींचा आवाज

"आवाज जरा बसलाय हो, काढा घेतला की सुटेल," असं म्हणत म्हणत आमच्या वहिनींनी सगळा श्रावण काढला. वहिनी म्हणजे आमच्या महिला भजनी मंडळाच्या मुख्य गायिका. वय पन्नाशीच्या पुढे, घरचं किराणा दुकान, दोन सुना, तीन नातवंडं आणि गळा मात्र अजून विशीतला. पण भाद्रपदात गौरी आल्या आणि वहिनींच्या तोंडून साधी आरतीसुद्धा फुटेना. तेव्हा कुठे मुलानं त्यांना मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा पाहिला आणि विचारलं, "शाळेत शिकवता का?" वहिनींनी मान हलवली. "मग बाजारात बसता?" पुन्हा नाही. मुलगा म्हणाला, "आई भजनात गाते." डॉक्टर म्हणाले, "गात नाहीत, ओरडतात. स्वरपट्ट्या सुजल्या आहेत, गाठी धरायला लागल्या आहेत. पंधरा दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण पडतो."

वहिनी नातवाची पाटी गळ्यात अडकवून मंडळात आल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'मी आता टाळ धरते. गायला दुसरं कुणी बघा.'

मैत्रिणींनो, ते वाचून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता यायचं नाही. बावीस वर्षं ज्या बाईनं मंडळ गळ्यावर तोलून धरलं, ती एका पाटीवर दोन ओळी लिहून बाजूला होत होती. आणि तिचा आवाज घालवला होता आम्हीच. कसा, ते सांगते.

सगळ्यांचाच आवाज चढतो

आमचं मंडळ अकराजणींचं. एक पेटी, तबला-डग्गा, ढोलकी, टाळांचे पाच जोड आणि हल्ली एकीची कॉलेजातली लेक कीबोर्ड घेऊन येते. सराव गावातल्या समाजमंदिरात. खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंनी सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रा. अशा खोलीत चमचा पडला तरी दणका होतो. तिथे पाच टाळ आणि ढोलकी सुरू झाल्यावर एका बाईचा गळा कुठवर पुरणार?

वहिनी मौनात असताना आमची बैठक झाली. कुणी म्हणालं, खणखणीत आवाजाची दुसरी बाई पुढे बसवू. तेवढ्यात ढोलकी वाजवणाऱ्या काकू म्हणाल्या, "खरं सांगू का? मला वहिनींचं गाणं ऐकूच येत नाही. मी अंदाजानं वाजवते, आणि अंदाजानं वाजवलं की हात जड पडतो." त्यावर पेटीवाल्या ताई म्हणाल्या, "ढोलकी वाढली की मीही भाता जोरात मारते." टाळवाल्या म्हणाल्या, "पेटी वाढली की आम्ही वाढतो."

म्हणजे बघा, वाद्यं वाढली म्हणून वहिनी ओरडायच्या आणि त्या ऐकू येत नाहीत म्हणून वाद्यं वाढायची. चूक कुणाची एकीची नव्हती. १९११ साली फ्रान्समधल्या लोम्बार नावाच्या डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलंय. भोवती गोंगाट असला आणि माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही, की तो नकळत आवाज चढवतो. गिरणीशेजारी राहणाऱ्या बायका घरातही मोठ्यानं बोलतात, त्यातलाच प्रकार. तेव्हा गाणाऱ्या बाईला 'ओरडू नको' म्हणून उपयोग नाही. तिला तिचा स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. एवढं एक कळलं आणि आमचा पुढचा मार्ग सुटला.

आपल्याकडे गंमतच आहे. लहानपणी मुलीला सांगतात, 'मुलीच्या जातीनं आवाज चढवू नये.' आणि तीच मुलगी चारचौघांत गायला बसली की म्हणतात, 'आवाज पोचत नाही हो तुझा!' गोड, हळुवार गळ्याच्या किती बायका यापायी मागच्या रांगेत टाळ धरून बसल्या असतील!

आधी बिनपैशाचे उपाय

मंडळाच्या डब्यात भिशीचे आणि हळदीकुंकवाला लावलेल्या स्टॉलचे मिळून पाच हजार रुपये होते. त्यामुळे खरेदीच्या आधी फुकटात काय होतं ते बघायचं ठरलं.

पहिल्यांदा घराघरांतून जुन्या सतरंज्या आणि गोधड्या आणल्या. सतरंज्या फरशीवर अंथरल्या, गोधड्या दोन भिंतींवर खिळ्यांना टांगल्या. कापड आवाज शोषून घेतं, कोरी भिंत परत फेकते. पहिल्याच दिवशी खोलीतला अर्धा कल्लोळ गेल्यासारखा वाटला.

मग बैठक बदलली. आधी ढोलकी वहिनींच्या अगदी कानाशी असायची, ती समोरच्या टोकाला नेली. पाचाऐवजी दोनच टाळ ठेवले. बाकीच्यांनी सरावात टाळ्या द्यायच्या, टाळ कार्यक्रमात.

तिसरी गोष्ट पट्टीची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. आमच्या पेटीवाल्या ताई शिकल्या एका बुवांकडे. बुवा काळी एकमध्ये गायचे, म्हणून आम्हीही बावीस वर्षं काळी एकमध्येच! पुरुषांना ती पट्टी बरी पडते. बाईनं त्यात खालचा सा धरला तर आवाज घशातच राहतो आणि वरचा धरला तर तार सप्तकात किंचाळावं लागतं. बहुतेक बायकांचा गळा काळी चार किंवा पाचच्या आसपास मोकळा लागतो. आम्ही काळी चार धरली. आमचा तबला त्या पट्टीत लागेना, तेव्हा शाळेतल्या संगीताच्या बाईंकडून त्या पट्टीचा तबला मागून आणला. तुमच्या मंडळातही पट्टी कुणाच्या सोयीची आहे, एकदा तपासून बघा.

एवढं करूनही ढोलकीपुढे साधा गळा कमीच पडणार होता. माइक हवाच होता.

आमच्या फजित्या

एकीनं घरचं होम थिएटर आणलं, दुसरीनं मुलाचा कराओकेचा माइक. एकाची पिन दुसऱ्यात खुपसली आणि सगळ्या कान देऊन बसलो. काही नाही! नंतर कळलं की माइकमधून येणारी वीज अगदी नाममात्र असते, व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतकी. टीव्हीतून किंवा मोबाइलमधून येणारा आवाज त्यापेक्षा कितीतरी पट तगडा असतो आणि होम थिएटर त्याच्याच हिशेबानं बनवलेलं असतं. माइकचा आवाज आधी उचलून द्यावा लागतो. म्हणून यंत्राला 'माइक' असं लिहिलेली वेगळी जागा आहे का ते बघायचं. नसेल तर मध्ये छोटा मिक्सर लागतो.

मग एका भाच्यानं ब्लूटूथचा स्पीकर दिला. त्यातून आवाज आला, पण वहिनींच्या जागी गाणारी आमची मैत्रीण दुसऱ्याच ओळीला ताल सोडून बसली. ब्लूटूथमधून आवाज किंचित उशिरा येतो. सिनेमा बघताना तो उशीर फारसा जाणवत नाही, पण गाणाऱ्या बाईला तिचाच शब्द मागून आल्यासारखा वाटतो आणि समेचा पत्ता चुकतो. तेव्हा सरावाला वायरच हवी, हे पक्कं समजा.

कॉलरला लावायचा छोटा माइकही वापरून पाहिला. तो चारी दिशांचं ऐकतो. त्यात वहिनींपेक्षा ढोलकीच जास्त घुमली, आणि वर कानठळ्या बसवणारी शिट्टी.

मंडपवाल्या ताईंची शिकवणी

आमच्या गावातल्या मंडप-स्पीकरच्या दुकानात मालक क्वचित भेटतात, ते कायम कुठल्या ना कुठल्या लग्नात. दुकान सांभाळतात त्यांच्या घरच्या ताई. दहावी झालेल्या, पण कुठली वायर कुठे जाते हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. मी भाड्यानं माइक-स्पीकर मागायला गेले. त्यांनी विचारलं, "आठवड्यातनं किती दिवस सराव?" म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, "मग भाडं कशाला भरताय? दोन महिन्यांच्या भाड्यात जुना संच घरचा होईल." धंद्याचं नुकसान करून दिलेला सल्ला होता तो!

त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. माइकचे मुख्य दोन प्रकार. एक कंडेन्सर. तो फार नाजूक ऐकतो, त्याला वेगळी वीज द्यावी लागते, तो स्टुडिओत शोभतो. दुसरा डायनॅमिक. त्यात एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि एक चुंबक. आवाजानं पडदा हलतो, वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. सेल नको, काही नको, आणि हातातून पडला तरी सहसा बिघडत नाही. १९६६ साली आलेला 'शूर' कंपनीचा एसएम ५८ हा याच जातीचा, तो आजही जगभरच्या गायकांच्या हातात दिसतो. आपल्याला इतका महागातला नको, पण जात तीच घ्यायची. आणि तो एका बाजूनं ऐकणारा हवा. म्हणजे समोरच्या तोंडाचं ऐकेल, पाठीमागच्या स्पीकरचं फारसं ऐकणार नाही.

स्पीकर असा घ्यायचा, की ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि मागे माइकची जागा असते. भोंगा खोलीत नको, त्यात आवाज चिरका होतो. लग्नाघरी दिसतो तो चाकांचा, बॅटरीवरचा ट्रॉली स्पीकर कुणाकडे असेल तर सुरुवातीला तोही चालेल. त्यात माइकची जागा बहुधा असते आणि वीज गेली तरी सराव थांबत नाही. कीबोर्डवालीकडे तिचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि त्याला माइकची जागा असेल, तर मग खर्च फक्त माइक आणि वायरीचा.

"किती वॅटचा घेऊ?" मी विचारलं. ताई हसल्या, "वॅटवर जाऊ नका. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे." नंतर वाचलं तर खरंच तसं आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट सुमारे दहापट लागतात! त्यापेक्षा माइक तोंडाजवळ धरा, अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो, आणि तेही फुकट.

आमचा हिशेब असा झाला. ताईंच्या दुकानातला दहा इंची जुना स्पीकर ३,२०० रुपये, नवा डायनॅमिक माइक ९००, तीन पिनांची पाच मीटर वायर ३५०, जुना स्टँड ३०० आणि अर्थिंगचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड २१०. एकूण ४,९६०. उरलेल्या चाळीस रुपयांत आल्याचा चहा. जुना स्पीकर घेताना मात्र दुकानातच अर्धा तास गाऊन बघा. खरखर, फडफड, गरम झाल्याचा वास, सगळं तिथेच कळतं.

शिट्टी का वाजते?

शिट्टीची आपल्याला फार भीती. ती वाजली की बायका माइक टाकून पळतात! कारण साधं आहे. स्पीकरमधला आवाज माइक ऐकतो, तो पुन्हा स्पीकरमधून मोठा होऊन येतो, माइक तो पुन्हा ऐकतो. विहिरीत हाक मारावी आणि तिच्या घुमण्यातून पुन्हा हाक निघावी, तसं हे चक्र. ते तोडायचं.

स्पीकर गाणारीच्या पाठीमागे कधीच ठेवू नका. तिच्यासमोर, तिच्याकडे तोंड करून, स्टुलावर कानाच्या उंचीला ठेवा. म्हणजे माइकची पाठ स्पीकरकडे येते आणि बाईला स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. जमिनीवर ठेवलेला स्पीकर गुडघ्यांनाच ऐकू येतो. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर असावा. वरच्या स्वराला मान किंचित मागे घ्या, म्हणजे आवाज फुटत नाही. माइकची जाळी मुठीत झाकू नका. झाकली की तो चहूकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी वाढते. शिट्टी आलीच तर पळायचं नाही, आवाजाचं बटण हळूच खाली घ्यायचं. आणि 'इको'चं बटण सरावात शून्यावर ठेवा. इकोमध्ये सगळंच गोड वाटतं, आपण कुठे बेसूर झालो ते कळतच नाही.

एक कळकळीची विनंती. पिन नाही म्हणून उघड्या वायरी प्लगात काडीपेटीच्या काड्या घालून खुपसायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. तीन पिनांतली जाड पिन कापू नका, ती आपल्या जिवासाठी असते. ओल्या हातानं माइक धरू नका आणि पाण्याचा तांब्या वायरींपासून लांब ठेवा.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. आम्ही दुपारी तीन ते पाच सराव करतो आणि परीक्षेच्या दिवसांत स्पीकर बंद. आवाज खोलीपुरता ठेवला की पुरे होतं.

माइक म्हणजे चैन नव्हे

आमच्या एक आजी कुरकुरल्या, "आमच्या वेळी कुठे होता माइक?" खरं आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गाणी दिली, तेव्हा त्यांना एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरकस गावं लागलं होतं. विजेवरचा माइक ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास. त्यानंतरच हळुवार गळ्यांना, श्वासाच्या अंतरावरून गाणाऱ्यांना जागा मिळाली. ज्यांच्या छातीत तेवढा जोर नव्हता, पण गाणं होतं, अशा कितीजणी त्याआधी न ऐकताच गेल्या असतील.

पंधरा दिवसांचं मौन संपलं, नंतर महिनाभर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम झाले. मग एका दुपारी वहिनी माइकसमोर बसल्या. सवयीनं त्यांनी छाती भरून घेतली. मंडपवाल्या ताई मुद्दाम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, नातवाला निजवताना म्हणता तसं म्हणा." वहिनींनी तसंच म्हटलं. समोरच्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज त्यांना ऐकू आला आणि त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "मी अशी गाते होय?"

ढोलकीवाल्या काकूंचा हात त्या दिवशी आपोआप हलका पडला. त्यांना शब्द ऐकू येत होते ना! मागच्या रांगेतल्या दोघींनी तर कबूल केलं, की इतकी वर्षं एका अभंगातला एक शब्द आपण चुकीचाच म्हणत होतो.

दत्तजयंतीच्या स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. आधी रुखरुख वाटली. पण बाकीच्या मंडळांच्या बायका माइक पुढे-मागे करण्यात गोंधळत होत्या, तेव्हा वहिनींनी माइक तोंडासमोर तीन बोटांवर घेतला, स्पीकर कुठे आहे ते पाहिलं आणि गायला सुरुवात केली. चार अभंग झाले, तरी शेवटच्या ओळीपर्यंत आवाज बसला नव्हता. आमचं बक्षीस तेच.

आता सराव संपला की वायर गुंडाळायचं काम वहिनी स्वतःकडे घेतात. कोपरावर करकचून नाही, ताईंनी शिकवलं तसं मोकळ्या वेटोळ्यांत, म्हणजे आतली तार तुटत नाही. ती पाटी नातवाकडे परत गेली.

तुमच्या मंडळात कुणाचा आवाज वारंवार बसत असेल तर काढ्यावर महिने काढू नका. दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि घरी आल्यावर सगळ्याजणी मिळून एकदा विचार करा, तिला तिचा स्वतःचा आवाज ऐकू येतोय का?